कंदीलवाली चिकटवलेली का दिसत होती? एका कॉम्पोझिटची उलटतपासणी

तक्रार एका ओळीची होती: बाई वरून चिकटवल्यासारखी दिसतेय.

चित्र असं. तिन्हीसांजेचं तळं, काठावर गोटे, आणि मधोमध लाल रेनकोट घातलेली, हातात कंदील धरलेली एक स्त्री. तळं एका फोटोतलं, स्त्री स्टुडिओत काढलेल्या दुसऱ्या फोटोतली. कंदील स्टुडिओत विझलेलाच होता, ज्योत नंतर रंगवलेली. हे कॉम्पोझिट, म्हणजे दोन फोटो जोडून फोटोशॉपमध्ये केलेलं एक चित्र, ए३ आकारात आडवं छापायचं होतं. चित्रकाराचा सगळ्यात जास्त वेळ केसांच्या मास्कमध्ये (आकृतीचा कोणता भाग दिसेल, कोणता झाकला जाईल हे ठरवणाऱ्या साच्यात) गेला होता आणि तो मास्क खरंच चांगला होता. बाई तरीही चिकटवलेलीच दिसत होती.

असं झालं की सगळे कडेवर तुटून पडतात. मास्क एक पिक्सेल आत घे, फेदर कर (कड मऊ कर), केस पुन्हा काढ. या फाइलमध्ये कडेचा दोष होता, नाही असं नाही, पण त्याच्या आधी चार मोठे दोष होते. ते निस्तरल्यावर कडेचं निम्मं काम आपोआप झालं. म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरवला तो असा: आधी जागा, मग उजेड-काळोख, मग रंग आणि प्रकाशाची दिशा, मग कड, शेवटी ग्रेन, म्हणजे फोटोतला दाणा. चित्रकाराने हाच क्रम जवळपास उलटा घेतला होता.

फाइलमध्ये काय होतं

तळ्याचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा. फुलफ्रेम कॅमेरा, २४ मिमी लेन्स, आयएसओ १६०० (हा आकडा जितका मोठा तितका फोटोत दाणा जास्त), कॅमेरा जमिनीपासून साधारण १ मीटरवर. फाइलमध्ये तो ८ बिट जेपेग म्हणून (प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या) आला होता, तोही आकाशातला नॉइज, म्हणजे दाणा, पुसून. या पुसण्याने पुढे छपाईत घात केला.

स्त्रीचा फोटो ८५ मिमी लेन्सने, आयएसओ १०० वर, राखाडी पडद्यासमोर काढलेला. कॅमेरा छातीच्या उंचीवर, म्हणजे १.५ मीटरच्या आसपास. डावीकडून समोर मोठा सॉफ्टबॉक्स (मऊ, पसरट उजेड देणारा स्टुडिओचा दिवा). आकृती मुळात ५००० पिक्सेल उंच होती, ती ४८ टक्क्यांवर आणून २४०० पिक्सेल केलेली. लेन्स आणि आयएसओ फोटोच्या मेटाडेटात (फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत) सापडतात. कॅमेऱ्याची उंची मात्र त्यात नसते, ती फोटो काढणाऱ्याला विचारावी लागते. तेवढं विचारायचा कंटाळा करू नये.

साडेतीन मीटरची बाई

क्षितिजाचा एक साधा नियम आहे. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते, वस्तू जवळ असो की लांब. इथे कॅमेरा १ मीटरवर आणि काठ जवळजवळ पाण्याच्या पातळीला, म्हणजे रेषा बाईला जमिनीपासून १ मीटरवर, कंबरेच्या जरा वर छेदायला हवी. बाईची उंची १६५ सेंमी. आकृती २४०० पिक्सेल, तर पावलं क्षितिजाच्या १४५५ पिक्सेल खाली यायला हवीत.

फाइलमध्ये ती ७०० पिक्सेल खाली होती. गणित उलटं केलं तर त्या जागी उभी असलेली २४०० पिक्सेलची बाई ३.४ मीटर उंच ठरते. बघणारा हे गणित करत नाही, पण त्याच्या डोळ्याला काहीतरी खटकतं आणि तो त्याला 'चिकटवलेली' म्हणतो.

उपाय दोन: आकृती ११५५ पिक्सेलपर्यंत लहान करायची, किंवा तिथल्या तिथे खाली सरकवायची. लहान केली तर कंदील आणि चेहरा दोन्ही हरवतात, म्हणून खाली सरकवली, ७५५ पिक्सेल. क्षितिज वरून २१०० वर होतं, पावलं ३५५५ वर आली, फ्रेममध्ये खाली ४४५ पिक्सेल उरले. पुरेसे आहेत. आता बाई कॅमेऱ्यापासून पावणेतीन मीटरवर उभी आहे आणि तिच्या पायाशी वेगळे, मोठे गोटे आलेत. जागा पहिल्यांदा ठरवायची ती एवढ्यासाठीच. काळोखाची तुलना शेजारच्या गोट्यांशी करायची, आणि शेजारीच बदलले तर आधीची मापं फुकट.

काळं किती काळं

सगळ्यात वर एक लेयर (थर) घेतला, तो सपाट काळ्याने भरला, ब्लेंड मोड (खालच्या थरांत मिसळण्याची रीत) 'कलर' केला. खालचं चित्र राखाडी होतं, रंग बाजूला सरतात. मग ड्रॉपर ५ × ५ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवून उजेडाचे आकडे घेतले (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं).

पायाशी असलेल्या गोट्यांच्या फटीत, म्हणजे बाईच्या अंतरावरच्या सगळ्यात काळ्या जागी, १५ च्या आसपास. पलीकडच्या तीरावरच्या झाडांच्या काळोखात ४०, कारण मधली हवा काळ्याला उजळवते. बाईच्या रेनकोटच्या चुण्यांमध्ये ४, बुटांत २. म्हणजे अख्ख्या तळ्यावर कुठेही नव्हतं एवढं काळं फक्त बाईच्या अंगावर होतं. वरच्या टोकाला आकाशाचा सगळ्यात उजळ भाग २०५, आणि बाईचं कपाळ २३२.

हा दुसरा आकडा जास्त बोलका आहे. सूर्य मावळलाय, उजेड देणारं फक्त आकाश. ज्या त्वचेवर फक्त आकाशाचा उजेड पडतो ती आकाशाच्या सगळ्यात उजळ भागापेक्षा उजळ होऊच शकत नाही, कारण पडलेल्यातला काही उजेड ती गिळणारच. कंदिलाजवळचा भाग अपवाद. कपाळाला मात्र कंदिलाचा उजेड अजून दिलेला नव्हता, तो पांढरेपणा निव्वळ सॉफ्टबॉक्सचा होता.

आकृतीला क्लिप केलेला, म्हणजे फक्त तिच्यावरच परिणाम करणारा, एक कर्व्ह्ज लेयर (उजेडाचे आकडे बदलणारा) घेतला. एकत्रित कर्व्हवर १२८ चं ८४ केलं, २५५ चं १७६. काळं टोक मात्र एकत्रित कर्व्हवर उचललं नाही. गोट्यांच्या फटीतला काळोख निव्वळ राखाडी नव्हता. लाल १२, हिरवा १५, निळा २२ असा निळसर होता. म्हणून तिन्ही रंगांच्या चॅनेलमध्ये शून्याचं टोक वेगवेगळं, त्या त्या आकड्यावर उचललं. इथे एक चूक हमखास होते: काळं टोक एकाच आकड्याने उचललं की बाईवर राखाडी पावडर मारल्यासारखी दिसते आणि मग दोष पुन्हा कडेच्या माथी मारला जातो.

लेयरचा मोड नॉर्मलच ठेवला. कर्व्हने कॉन्ट्रास्ट कमी झाला की नॉर्मल मोडमध्ये रंगही थोडे मंद होतात. एरवी हे टाळायला लुमिनॉसिटी मोड (रंग न बदलता फक्त उजेड बदलणारा) घेतात. इथे लाल रेनकोट मंद व्हायलाच हवा होता.

चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहिलं. तक्रारीतली निम्मी हवा याच टप्प्यावर गेली होती.

निळी सांज, लाल कोट

स्टुडिओतला फ्लॅश ५५०० केल्विनच्या आसपासचा, सांजेचं आकाश त्याहून कितीतरी निळं. व्हाइट बॅलन्सचा स्लायडर अंदाजाने सरकवत बसण्यापेक्षा चॅनेल पॅनेल उघडून लाल, हिरवा, निळा एकेक करून राखाडीत बघावा. लाल चॅनेलमध्ये तळं जवळजवळ काळवंडलेलं होतं आणि बाई दिव्यासारखी उजळ. लालच्या कर्व्हचा मध्य १२८ वरून ११० वर आणल्यावर ती त्या चॅनेलमध्ये बसली. हिरव्याला हात लावावा लागला नाही, निळ्याला किरकोळ.

जाता जाता: अंधारात आपल्या डोळ्याला लाल रंग कॅमेऱ्यापेक्षा काळपट दिसतो, आणि काही जण त्या आठवणीवरून कोट जवळजवळ तपकिरी करून टाकतात. जुळवायचं आहे ते तळ्याच्या फोटोशी, आणि तो फोटो कॅमेऱ्याने काढलाय.

दिशेचा घोळ मोठा होता. तळ्यावर उजेड मागून उजवीकडून, बाईवर समोरून डावीकडून. उजव्या खांद्यावर आणि केसांवर आकाशाची कडलकेर (कडेवरची उजेडाची रेघ) द्यावी लागली, रंग त्याच बाजूच्या आकाशातून उचलून, ब्रशचा फ्लो ३ टक्के. चित्रकाराने आधी आउटर ग्लो (आकृतीभोवती आपोआप चमक देणारा इफेक्ट) लावून ही लकेर दिली होती. त्यामुळे ती बाईभोवती सगळीकडे सारख्या जाडीची झाली आणि निऑनच्या नळीसारखी दिसत होती. खरी लकेर आकारावर अवलंबून असते: गोल खांद्यावर १० पिक्सेलपर्यंत रुंद, बाहीच्या सपाट कडेवर २, मनगटाच्या आतल्या बाजूला शून्य.

पायाशी एक तिरपी, धारदार सावलीही होती. सूर्यच नाही तर ती आली कुठून? काढून टाकली. तिच्या जागी मल्टिप्लाय (खालचं गडद करणाऱ्या) मोडमध्ये दोन लेयर: एक तळव्याला खेटून, ६ पिक्सेल ब्लर, ७० टक्के, दुसरा पसरट, ४० पिक्सेल ब्लर, २५ टक्के. दोन्हींचा रंग गोट्यांच्या फटीतून उचललेला. सावलीला शुद्ध काळा घेतला असता तर नुकतीच दुरुस्त केलेली चूक मागच्या दाराने परत आली असती.

कंदिलाचा हिशेब

या चित्राचा जीव कंदिलात होता, आणि तिथेच सगळ्यात ढोबळ काम झालं होतं. मोठ्या मऊ ब्रशने, स्क्रीन (खालचं उजळ करणाऱ्या) मोडमध्ये, केशरी रंगाचा एकच गोळा: कोटावर, चेहऱ्यावर, गोट्यांवर सारखाच.

यात चुका दोन. पहिली म्हणजे सपाट केशरी रंग स्क्रीन केला की तो काळ्या बुटांवरही धुक्यासारखा बसतो, पोत पुसतो. उजेड वस्तूच्या रंगातून परततो. लाल कोट केशरी उजेडात पेटून उठेल, काळा बूट जेमतेम चमकेल, निळं कापड मळकट होईल. म्हणून वरून रंग ओतण्याऐवजी खालच्याच पिक्सेलचा उजेड वाढवायला हवा. त्याला एक्स्पोजर अॅडजस्टमेंट लेयर योग्य. फोटोशॉपमध्ये त्याचं गणित गॅमा १.० मध्ये, म्हणजे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात चालतं.

दुसरी चूक अंतराची. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. ज्योतीपासून कोटाची जवळची बाजू २५ सेंमी, चेहरा ५० सेंमी, जमीन १ मीटर. कोटाला मिळणाऱ्या कंदिलाच्या उजेडाचा चौथा हिस्सा चेहऱ्याला, सोळावा हिस्सा गोट्यांना.

आता हे स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) मांडताना बरेच जण घसरतात. चौथा हिस्सा म्हणजे दोन स्टॉप कमी, म्हणून कोटाला +३ तर चेहऱ्याला +१, असा हिशेब करतात. पण आकाशाचा उजेड आधीपासून सगळीकडे आहेच, कंदिलाचा त्यात मिळवायचा आहे. आकाशाचा उजेड १ धरा. कोटावर कंदिलाचे ७ धरले तर एकूण ८, म्हणजे +३ स्टॉप. चेहऱ्यावर ७ चा चौथा हिस्सा १.७५, एकूण २.७५, म्हणजे साधारण +१.५. गोट्यांवर ०.४, एकूण १.४, म्हणजे +०.५. तीन एक्स्पोजर लेयर या आकड्यांवर ठेवले, मास्क काळे केले आणि ज्योतीकडे तोंड असलेल्या बाजूच तेवढ्या पांढऱ्या ब्रशने उघडल्या. प्रत्येकावर क्लिप केलेल्या कर्व्ह्जने लाल थोडा वर, निळा खाली.

मास्क रंगवताना बोटांपाशी थांबावं लागतं. कंदील धरणाऱ्या हाताची बोटं ज्योतीपासून सगळ्यात जवळ. त्यांची आतली बाजू जवळजवळ जळून गेलेली, बाहेरची बाजू सांजेच्या निळ्यात, आणि मधली सीमा अंगठ्याच्या सांध्यावर जेमतेम ३-४ पिक्सेलची. मूळ फाइलमध्ये बोटं सपाट केशरी होती. एवढी एक जागा नीट रंगवली की बाकीच्या कंदिलावर डोळा विश्वास ठेवतो. कंदील खाली आहे म्हणून हनुवटीखालचा भाग आणि खालच्या पापणीची कड उजळते. नाकाची स्टुडिओतली सावली उलट खाली पडते. ती पुसली नाही, फक्त ३० टक्क्यांवर आणली. पूर्ण पुसली तर नाकच सपाट होतं.

आता कड

राखाडी पडद्याची १-२ पिक्सेलची उजळ किनार केसांत आणि बाहीवर होती. आकृतीबरोबर तीही काळवंडल्यामुळे बाहीवर दिसेनाशी झाली. केसांत उरली ती 'डिकंटॅमिनेट कलर्स'ने (कडेवरचा पार्श्वभूमीचा रंग काढणाऱ्या पर्यायाने) काढण्याचा मोह होतो. तो पर्याय पिक्सेलच बदलतो, म्हणून नव्या लेयरवरच घ्यावा. इथे त्याऐवजी आकृतीला क्लिप केलेल्या डार्कन मोडच्या लेयरवर शेजारच्या केसांचा रंग घेऊन किनारीवर ब्रश फिरवला. १५-२० फटकारे लागले.

मग मऊपणा. तळ्याच्या फोटोत त्या अंतरावरच्या गोट्यांच्या कडा २-३ पिक्सेलमध्ये विरघळतात. बाई ४८ टक्क्यांवर आणल्यामुळे तिच्या कडा एका पिक्सेलमध्ये कापलेल्या. मास्कला ०.७ आणि आकृतीला ०.६ पिक्सेलचा गॉशियन ब्लर. फक्त मास्क मऊ केला असता तर आतला कोट धारदार आणि बाहेरची कड विरलेली, असं विचित्र ध्यान झालं असतं.

कंदिलाच्या काचेभोवती एक काळपट रेघ राहिली. तिचं कारण मास्क नाही, गॅमा आहे, म्हणजे फाइलमधले आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात नसणं. पांढरा आणि काळा यांची अर्धी-अर्धी भेसळ झालेल्या पिक्सेलचा उजेड खरं तर निम्मा, म्हणजे एसआरजीबीत (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) १८८ असायला हवा. नॉर्मल ब्लेंडिंग आकड्यांची सरासरी काढून १२८ देतं, आणि १२८ म्हणजे उजेड फक्त २२ टक्के. म्हणून गडद पार्श्वभूमीवरच्या उजळ वस्तूची कड आत खचल्यासारखी दिसते. कलर सेटिंग्जमध्ये आरजीबी रंग गॅमा १.०० ने मिसळण्याचा पर्याय आहे, पण तो फाइलमधल्या सगळ्या लेयरचं मिश्रण बदलतो. अर्ध्या कामात तो चालू करू नये. इथे काचेच्या कडेवर डॉजचा (उजळ करणाऱ्या ब्रशचा) एक बारीक फटकारा पुरला.

ग्रेन: आयएसओ १०० ची, वर लहान केलेली आकृती आयएसओ १६०० च्या तळ्यापुढे प्लास्टिकसारखी गुळगुळीत. ५० टक्के राखाडीचा ओव्हरले लेयर, त्यावर गॉशियन नॉइज ५ टक्के, मोनोक्रोमॅटिकची खूण काढून, ०.६ पिक्सेल ब्लर, आकृतीला क्लिप. २०० टक्क्यांवर तिन्ही चॅनेल वेगळे पाहून जुळवलं. तिन्हींत नॉइज सारखा नसतो.

छपाईत आकाश फाटलं

पहिल्या चाचणी छपाईत आकाशात आडवे पट्टे आले. स्क्रीनवर ते पुसट होते, कागदावर ठळक. कारण साध्या भागाकारात आहे. आकाश वरून खाली १९०० पिक्सेलमध्ये १५० वरून २०५ वर जातं. ८ बिटमध्ये मधल्या पायऱ्या ५५, म्हणजे प्रत्येक पट्टा साधारण ३५ पिक्सेलचा. चित्र ए३ साठी ५६५७ × ४००० वर कापलेलं, ४२० मिमीवर ही घनता ३४२ पीपीआय (इंचाला पिक्सेल), त्यामुळे एक पट्टा २.६ मिमीचा. हे कुणालाही दिसेल.

पण तसे ८ बिटचे असंख्य आकाशांचे फोटो छापले जातात आणि पट्टे दिसत नाहीत. कारण नॉइज. आयएसओ १६०० चा दाणा शेजारच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून टाकतो. तो दाणा 'स्वच्छ' केला तेव्हाच पायऱ्या उघड्या पडल्या, आणि त्यावर कॉन्ट्रास्टचा कर्व्ह लावल्यावर मधल्या मधल्या पायऱ्या गळाल्या. फाइल नंतर १६ बिट केली तरी गळालेलं परत येत नाही; फक्त पुढची तूट थांबते.

तळ्याची रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) मागवली, १६ बिटमध्ये उघडली, आकाशाचा नॉइज हात न लावता ठेवला, तोच कर्व्ह पुन्हा लावला. पट्टे गेले. रॉ नसती तर १६ बिटमध्ये आकाशावर २० पिक्सेलचा ब्लर आणि वर १.५ टक्के नॉइज हा दुय्यम मार्ग होता.

दुसरी तक्रार, छापा काळा आला. चित्रकाराचा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर होता. छपाईचं काम पाहताना पांढरा ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या दरम्यान ठेवतात. तो ९० वर आणून कागदाच्या प्रोफाइलने सॉफ्टप्रूफ (छापा कसा येईल याची स्क्रीनवरची झलक) लावलं तेव्हा पलीकडच्या झाडांचा काळोख स्क्रीनवरही बुजलेला दिसला. फक्त त्या भागात खालचा अर्धा कर्व्ह ६ अंकांनी उचलला. रेंडरिंग इंटेंट (रंग कागदाच्या आवाक्यात बसवण्याची पद्धत) रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू. कंदिलाजवळचा लाल कागदाच्या गॅमटबाहेर (छापता येतील अशा रंगांबाहेर) जात होता, तिथे सॅच्युरेशन १२ ने कमी केलं. नाहीतर सगळ्या चुण्या एकाच लाल डागात बुडतात. शार्पनिंग शेवटी, ४९६१ × ३५०८ पिक्सेलच्या अंतिम आकारावर. वेबची प्रत वेगळी, एसआरजीबीत कन्व्हर्ट करून. नुसतं प्रोफाइल असाइन केलं तर आकडे तेच राहतात आणि रंग बदलतात.

जे दुरुस्त झालं नाही

बुटांचे वरचे भाग जरा जास्त दिसतात, कारण स्टुडिओचा कॅमेरा १.५ मीटरवर होता आणि तळ्याचा १ मीटरवर. बुटांपुढे दोन गोटे कॉपी करून ठेवले आणि ते झाकलं. डोळ्यांतली सॉफ्टबॉक्सची चौकोनी चमक पुसून खाली एक छोटा केशरी ठिपका दिला, तो चालला. चेहऱ्याचा डावा गाल मात्र समोरच्या उजेडाने इतका सपाट धुतलेला आहे की डॉज-बर्नने त्याला गोलाई देताना तो रंगवल्यासारखा दिसू लागतो, म्हणून मधेच थांबावं लागलं. तो गाल फोटो पुन्हा काढल्याशिवाय सुधारणार नाही: कॅमेरा १ मीटर उंचीवर आणि पावणेतीन मीटर लांब, मोठा सॉफ्टबॉक्स मागे उजवीकडे, समोर काहीच नाही, आणि कंदिलात ज्योतीच्या जागी केशरी जेल गुंडाळलेला छोटा दिवा.